रिलीज नोट्स वाचताना : काय बदललं, कुणाचं अडेल आणि कधी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, मालवण या भागात पतसंस्था, लॉज, आंबा पेढ्या आणि मच्छीमार सोसायट्यांची सॉफ्टवेअरं सांभाळणारे लोक बहुधा एकटे-दुकटेच असतात. सर्व्हर त्यांनीच बघायचा, अडकलेला प्रिंटरही त्यांनीच. नवीन आवृत्ती आली की तिच्यासोबत येणारी बदलांची यादी, म्हणजे रिलीज नोट्स, वाचायला सवड नसते. मग एकतर 'अपडेट' दाबून मोकळं व्हायचं, नाहीतर 'चाललंय ते चालू दे' म्हणत वर्षानुवर्षं हातच लावायचा नाही. पहिल्यात काम अचानक अडतं, दुसऱ्यात सुरक्षेच्या त्रुटी तशाच उघड्या राहतात. दोन्ही टाळायचं तर नोट्स वाचण्याची ठरलेली पद्धत हवी, आणि वाचून जे कळलं ते कॅशियरला, मॅनेजरला, संचालकांना त्यांच्या भाषेत सांगता यायला हवं.

नोट्समध्ये सगळ्यात वर असतं ते नवं आणि आकर्षक. नुकसान करणारी ओळ खाली कुठेतरी असते आणि ती बहुतेक वेळा 'अमुक सेटिंगचं डिफॉल्ट (आपण काही न ठरवता लागू होणारं मूल्य) बदललं' इतकीच असते. शिवाय ती अपग्रेडच्या दिवशी त्रास देत नाही. काही महिन्यांनी कुणी नवा डेटाबेस काढतो, पासवर्ड बदलतो, तेव्हा ती वर येते. म्हणून प्रत्येक बदलाला तीन प्रश्न विचारायचे : काय बदललं, कुणाचं काम अडेल, आणि कधी. तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो.

आधी आपल्याकडे काय आहे ते लिहून काढा

यादी नसेल तर नोट्स वाचून उपयोग नाही. प्रत्येक यंत्रासाठी एक ओळ करा : यंत्र कुठे आहे, कशासाठी आहे, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, पीएचपी किंवा जावा (प्रोग्राम ज्यात लिहिला आहे ती भाषा), वरचं अ‍ॅप्लिकेशन, डेटाबेसशी बोलणारा ड्रायव्हर आणि जोडलेली उपकरणं.

आवृत्ती पूर्ण लिहा. 'विंडोज १०' एवढ्यानं भागत नाही. विंडोज की आणि आर एकत्र दाबून 'विनव्हर' चालवलं की पूर्ण आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक दिसतो, तो उतरवून घ्या. डेटाबेस सॉफ्टवेअर पोस्टग्रेस असेल तर 'पोस्टग्रेस १३' हेही अर्धवटच. १३.४ आहे की १३.२२, यात सुरक्षा दुरुस्त्यांचा मोठा फरक आहे.

ड्रायव्हरचा रकाना रिकामा ठेवू नका. मुख्य सॉफ्टवेअर नवं असतं, पण पिग्मी मशीनमधली (दारोदार रोजची बचत गोळा करणाऱ्याच्या हातातल्या यंत्रातली) वसुली सर्व्हरवर चढवणारा छोटा प्रोग्राम कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर, कधीकाळी बसवलेल्या ओडीबीसी ड्रायव्हरवर चालत असतो. अपग्रेडनंतर पहिला बंद पडतो तो हाच.

मधली एकही आवृत्ती गाळू नका

पोस्टग्रेस १३ ची मुदत, म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याचा काळ, नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली, त्यामुळे अनेकांना थेट १८ वर जायचं आहे. अशा वेळी फक्त १८ च्या नोट्स वाचणं चुकीचं. १४, १५, १६, १७ आणि १८ या पाचही नोट्समधला मायग्रेशनचा (जुन्यावरून नव्यावर येण्याचा) भाग वाचायचा असतो, कारण १४ मध्ये बदललेली गोष्ट १८ च्या नोट्समध्ये पुन्हा लिहिलेली नसते. पाच आवृत्त्यांचं म्हणून घाबरू नका, हा भाग आटोपशीर असतो आणि एका दुपारी पाचही वाचून होतात.

छोट्या आवृत्त्याही नुसत्या बसवायच्या नसतात. १६ जून २०२२ ला आलेल्या पोस्टग्रेस १४.४ चं उदाहरण घ्या. १४.० ते १४.३ मध्ये, काम चालू ठेवून इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठी डेटाबेसनं ठेवलेली सूची) तयार करण्याच्या सोयीत दोष होता आणि तसा तयार केलेला इंडेक्स खराब होऊ शकत होता. १४.४ नं पुढचे इंडेक्स वाचवले. आधीच खराब झालेले मात्र आपोआप दुरुस्त झाले नाहीत, ते पुन्हा बांधावे लागत होते. ही सूचना नोट्समध्ये होती. नुसतं अपडेट करून थांबलेल्या माणसाकडे नवी आवृत्ती आणि जुना खराब इंडेक्स दोन्ही राहिले. छोट्या आवृत्तीच्या नोट्समधला 'अपडेटनंतर हे करा' असा परिच्छेद म्हणूनच आधी शोधायचा.

आकड्यांवर फार विसंबू नये. लिब्रेऑफिस ७.६ नंतर २४.२ वर गेलं ते फक्त वर्ष आणि महिना धरून क्रमांक द्यायला सुरुवात केली म्हणून. उलट पीएचपीत ८.० वरून ८.१ असा छोटा दिसणारा टप्पासुद्धा जुना कोड ओरडायला लावतो.

वाचायचा क्रम

सुरुवात खालून करा. आधी काढून टाकलेल्या आणि जुन्याशी न जुळणाऱ्या गोष्टी, मग बदललेली डिफॉल्ट, मग पुढे काढणार असं जाहीर झालेल्या 'डेप्रिकेटेड' गोष्टी, मग ज्ञात अडचणी. सुरक्षेचा भाग वेगळा वाचायचा, त्याबद्दल पुढे आहे. नवी वैशिष्ट्यं सगळ्यात शेवटी.

नोट्स इंग्रजीत आणि लांबलचक असतात. कंट्रोल-एफ दाबून 'डिफॉल्ट', 'रिमूव्ह', 'डेप्रिकेट', 'रिक्वायर', 'मस्ट' आणि 'नो लाँगर' हे शब्द त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगनं शोधा. 'नो लाँगर' कधीच सोडू नका, आधी जे आपोआप व्हायचं ते बंद झाल्याच्या बऱ्याच ओळी त्यातून हाती लागतात.

'बग दुरुस्त केला' ही ओळही निरुपद्रवी समजू नये. बिलाच्या राउंडिंगमधली चूक दुरुस्त झाली असेल तर जुनं बिल नव्या आवृत्तीतून छापल्यावर पैशांचा फरक दिसेल आणि ऑडिटर तो विचारणारच.

वाचता वाचता प्रत्येक ओळ तीनपैकी एका ढिगात टाका : लागू नाही, लागू आहे, माहीत नाही. खरं काम तिसऱ्या ढिगाचं. तो रिकामा होईपर्यंत अपग्रेडची तारीख ठरवायची नाही. रिकामा करायचे मार्ग असे : ओळीसोबत दिलेला बग क्रमांक किंवा मूळ बदल उघडून चर्चा वाचणं, त्याच सेटिंगचं जुन्या आणि नव्या आवृत्तीचं माहितीपान शेजारी शेजारी ठेवून पाहणं, स्वतःच्या कोडमध्ये ते नाव शोधणं, आणि सॉफ्टवेअर देणाऱ्याला विचारणं. विचारताना 'तुमचं सॉफ्टवेअर १८ वर चालेल ना?' असं विचारू नका, उत्तर 'हो' असंच येतं. 'तुमचा ड्रायव्हर कुठल्या आवृत्तीचा आहे आणि तो स्क्रॅम पासवर्ड समजतो का?' असं विचारा (स्क्रॅम ही पासवर्ड साठवण्याची नवी पद्धत, तिच्याबद्दल पुढे आहे).

उशिरा उगवणाऱ्या ओळी

पोस्टग्रेसच्या तीन ओळी नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली १४ मधली : नवे पासवर्ड आता एमडी५ या जुन्या पद्धतीऐवजी स्क्रॅम पद्धतीनं साठवले जातात. अपग्रेड करताना जुने साठवलेले पासवर्ड तसेच येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे लॉगिन चालतात. तीन महिन्यांनी कुणी पिग्मी प्रोग्रामचा पासवर्ड बदलतो, तो स्क्रॅममध्ये साठवला जातो आणि जुन्या ड्रायव्हरला तो समजत नाही. वसुली चढत नाही. सगळे नेटवर्क तपासत बसतात, कारण अपग्रेड कुणाच्या डोक्यात उरलेलं नसतं. यावर उपाय ड्रायव्हर आधी बदलणं हाच. सेटिंग मागे फिरवून एमडी५ चालू ठेवता येतं, पण १८ मध्ये एमडी५ पासवर्ड डेप्रिकेटेड झाले आहेत, म्हणजे तो रस्ताही पुढे बंद होणार.

दुसरी १५ मधली : 'पब्लिक' स्कीमामध्ये (डेटाबेसमधला टेबलं ठेवायचा सामायिक कप्पा) कुणीही टेबल तयार करू शके, ती मुभा काढली. नोट्समध्येच स्पष्ट लिहिलं आहे की हे नव्या डेटाबेसना लागू आहे, अपग्रेड होऊन किंवा बॅकअपमधून आलेल्या डेटाबेसची परवानगी जुनीच राहते. आता ज्या पेढीचं किंवा संस्थेचं सॉफ्टवेअर दर आर्थिक वर्षाला नवा डेटाबेस काढतं, त्यांचा विचार करा. ऑक्टोबरात अपग्रेड केलं, सहा महिने सगळं सुरळीत. १ एप्रिलला नव्या वर्षाचा डेटाबेस तयार होतो आणि पहिलंच टेबल बनवताना 'परवानगी नाही' असा संदेश येतो. आंब्याच्या पेढीला १ एप्रिल म्हणजे ऐन हंगाम, दारात टेम्पो उभे. उपाय एका ओळीचा आहे : नवा डेटाबेस काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्या स्कीमाची परवानगी फक्त आपल्या अ‍ॅप्लिकेशनच्या युजरला द्यायची. सगळ्यांना पुन्हा देऊन टाकू नका, ती सुरक्षेसाठीच काढली आहे.

तिसरी १८ मधली. ही मात्र अपग्रेड करतानाच अडवते. नवा क्लस्टर (एका सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसचा संच) तयार करताना डेटा चेकसम (पानातल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) आता आपोआप चालू असतात. डिस्कवरचं पान बिघडलं तर ते वाचतानाच कळावं, यासाठी ही सोय आहे, आणि जिथे वीज सारखी जाते-येते तिथे ती हवीच. पण अपग्रेड करणाऱ्या पीजी-अपग्रेड या प्रोग्रामला जुना आणि नवा क्लस्टर या बाबतीत सारखे लागतात. जुन्यात चेकसम बंद असतील तर ते काम नाकारतं. दोन मार्ग आहेत. नवा क्लस्टर चेकसम बंद ठेवून तयार करायचा, किंवा जुना सर्व्हर व्यवस्थित थांबवून पीजी-चेकसम्सनं त्यात आधी चालू करायचे. दुसरा मार्ग बरा. त्यात सगळ्या डेटा फायलींवरून हात फिरतो, म्हणून डेटा किती मोठा आहे त्या प्रमाणात वेळ धरा आणि चाचणीत तो मोजून ठेवा.

याच जातीची ओळ पीएचपी ८.० मध्ये आहे. आधी रिकामा मजकूर आणि शून्य यांची सैल (डेटाचा प्रकार न पाहता केलेली) तुलना 'समान' यायची, आता येत नाही. बिलाच्या फॉर्मवर पेट्यांची संख्या रिकामी राहिली तर 'शून्य आहे, थांबा' असं म्हणणारी तपासणी या तुलनेवर उभी असेल, तर ती आता निमूटपणे पुढे सोडते. कुठलाही एरर येत नाही. कोडमध्ये शून्याशी केलेल्या तुलना शोधून 'रिकामं आहे का' हे वेगळं तपासावं.

जे नोट्समध्ये नसतंच

लिनक्सवर मजकुराची वर्णक्रम लावण्याची पद्धत जीलिबसी नावाच्या लायब्ररीतून येते. तिच्या २.२८ आवृत्तीत हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. डेबियन ९ वरून १० वर, किंवा उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर जाताना हा टप्पा ओलांडला जातो. डेटाबेसची आवृत्ती तीच, नोट्समध्ये काही नाही, पण मजकुरावरचे जुने इंडेक्स नव्या क्रमाशी जुळत नाहीत. परिणाम असा की खातेदार यादीत दिसतो, शोधला तर सापडत नाही, किंवा एकच क्रमांक दोनदा घातला जातो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधायचे, हे यादीत कायमचं लिहून ठेवा.

दुसरा प्रकार कायद्यातून येणाऱ्या बदलांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीशिवाय). बिलिंग सॉफ्टवेअरच्या नोट्समध्ये याची ओळ फार तर 'जीएसटी दर अद्ययावत' अशी असते. गणपतीपुळ्याच्या किंवा तारकर्लीच्या लॉजवाल्यासाठी तिच्यात बरेच प्रश्न दडलेले असतात. दर तारखेनुसार लागतो की जुन्याच्या जागी नवा आकडा बसवला? ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं तर १२ टक्केच दिसतात ना? जुन्या बिलाची क्रेडिट नोट कुठल्या दरानं निघते? या खोल्यांसाठी केलेल्या खरेदीवर क्रेडिट घेणं सॉफ्टवेअर थांबवतं की हातानं थांबवायचं? एकेक बिल काढून हे तपासायला अर्धा तास पुरतो. बदलाच्या आधी घेतलेल्या आगाऊ रकमेचं काय करायचं, हे सीएला विचारून घ्या, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

सुरक्षेची दुरुस्ती : घाई कधी, थांबायचं कधी

सुरक्षेच्या त्रुटीला शून्य ते दहा असा गुण दिलेला असतो. ९ किंवा त्याहून जास्त म्हणजे अतिगंभीर, ७ ते ८.९ गंभीर. गुण पाहून घाबरण्याआधी तीन गोष्टी पाहा. त्रुटी इंटरनेटवरून वापरता येते की आतल्या माणसालाच? लॉगिन लागतं का? आणि ती प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली जात आहे का? बाहेरून, लॉगिनशिवाय, आणि वापरली जात आहे, असं असेल तर हंगाम बघत बसायचं नाही, त्याच रात्री दुरुस्ती करायची. केवळ ऑफिसच्या आत पोचणाऱ्या सर्व्हरवरची ७.५ गुणांची त्रुटी आठवडाभर थांबू शकते.

घाईत बसवलेल्या दुरुस्तीचा पाठपुरावाही करावा लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतली त्रुटी २.१५.० नं बुजवली, पण ती दुरुस्ती अपुरी ठरली. २.१६.० आली, मग २.१७.०, आणि त्याच महिन्यात २.१७.१ सुद्धा. पहिली बसवून निश्चिंत झालेले उघडेच राहिले. उलट बाजूचं उदाहरणही आहे. पोस्टग्रेस १७.१ नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तिच्यामुळे काही एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडलेली पूरक सॉफ्टवेअरं) अडखळली आणि आठवड्याभरात १७.२ काढावी लागली. म्हणून तातडी नसेल तर आठ-दहा दिवस थांबा आणि बसवण्याआधी नोट्सचं पान पुन्हा उघडा, ज्ञात अडचणींत भर पडलेली असू शकते.

चाचणी

रिकाम्या डेटाबेसवर केलेली चाचणी काही सांगत नाही. काल रात्रीचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवा. बॅकअप खरंच उतरतो का, हेही तेव्हाच कळतं. त्यावर पूर्ण अपग्रेड घड्याळ लावून करा. मग रोजची दहा-बारा कामं त्या जागी बसणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. तुम्ही स्वतः केलीत तर तुम्हाला माहीत असलेल्या वाटेनंच जाल.

अपग्रेडच्या आधी आणि नंतर तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) काढून पैशापर्यंत जुळवा. मराठी पावती कागदावर छापून जोडाक्षरं पाहा, स्क्रीनवर नीट दिसणारं 'श्र' किंवा 'र्‍य' प्रिंटरवर तुटू शकतं. खातेदारांची यादी नावानं लावा आणि मधली चार नावं शोधून बघा.

आणि हे चुकवू नका : प्रत्येक गोष्ट नव्यानं तयार करून बघा. नवा डेटाबेस, नवा युजर, नवा पासवर्ड, नवं आर्थिक वर्ष, नवी शाखा. उशिरा उगवणाऱ्या बहुतेक अडचणी या एका तासात बाहेर येतात.

दिवस कुठला धरायचा

पतसंस्थेला मार्चअखेर आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा नाही. आंबा पेढीला मार्च ते मे नाही. लॉजला मे, दिवाळी आणि नाताळ नाही. मच्छीमार सोसायटीला १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात वेळ असतो, पण नेमकी तेव्हाच लाईट जाते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची गावं कित्येक दिवस अंधारात होती. पावसाळ्यातच करायचं असेल तर यूपीएस पूर्ण भारावर किती मिनिटं टिकतो ते आधी मोजा, लागणाऱ्या फायली दोन दिवस आधी उतरवून ठेवा, बॅकअपची एक प्रत दुसऱ्या गावात ठेवा, आणि हवामान खात्याचा इशारा असेल तर सरळ पुढे ढकला. बहुतेकांना गणपती आटोपल्यानंतरचा पंधरवडा बरा पडतो. चाकरमानी परतलेले असतात, पाऊस ओसरत आलेला असतो आणि लॉजही मोकळी असतात.

परत फिरण्याची वेळही ठरवून ठेवा. पीजी-अपग्रेड प्रत काढून केलं तर जवळजवळ दुप्पट डिस्क लागते, पण जुना क्लस्टर शाबूत राहतो. 'लिंक' पद्धत (प्रत न काढता जुन्याच फायली वापरणारी) झटपट होते, मात्र नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना वापरणं सुरक्षित राहत नाही. जागा असेल तर प्रतच काढा. सोमवारी कॅशियरनं नोंदी केल्यावर मागे फिरलात तर त्या नोंदी जातात, म्हणून निर्णय रविवारी संध्याकाळच्या आत व्हायला हवा.

सांगायची चिठ्ठी

'डेटाबेसची पासवर्ड पद्धत स्क्रॅमवर गेली असून सुरक्षितता वाढली आहे' हे वाक्य खरं आहे, पण शाखेत कुणाच्याही कामाचं नाही. वाचणाऱ्याला त्याचं काम, त्याचा दिवस आणि त्यानं काय करायचं एवढंच हवं असतं. शाखेसाठी चिठ्ठी अशी असावी :

'शनिवारी रात्री ९ पासून रविवारी दुपारपर्यंत सर्व्हर बंद राहील. सोमवारी लॉगिन, पावती आणि कर्जखाती नेहमीसारखीच चालतील. पिग्मी मशीन मात्र शनिवारी ६ च्या आत रिकामी करून आणावीत, कारण वसुली चढवणारा प्रोग्राम बदलणार आहे. पिग्मी प्रोग्रामचा पासवर्ड कुणीही परस्पर बदलू नये. सोमवारी पहिली पावती छापल्यावर नाव आणि रक्कम तपासून हेड ऑफिसला फोन करावा.'

संचालकांसाठी वेगळी, कारण त्यांचा प्रश्न खर्चाचा असतो : 'आपल्या आवृत्तीला नोव्हेंबर २०२५ नंतर सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. यापुढे सापडणारी त्रुटी आपल्याकडे तशीच राहील. अपग्रेडला एक शनिवार-रविवार आणि एका जुन्या पीसीची बदली लागेल.' तो जुना पीसी विंडोज १० चा असेल तर तेही लिहा, कारण त्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेल्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही.

चिठ्ठीत नव्या सोयींची जाहिरात नको. एखादी सोय खरोखर कुणाचा वेळ वाचवणार असेल तर ती महिन्यानं, सगळं स्थिर झाल्यावर सांगा.

अपग्रेडनंतर

सोमवारी रिपोर्ट अचानक हळू झाले तर आधी आकडेवारी बघा. १८ च्या आधी पीजी-अपग्रेड क्वेरीच्या नियोजनासाठी लागणारी आकडेवारी सोबत आणत नसे. १८ बहुतेक आणतं, तरी ती नव्यानं गोळा करणारं अ‍ॅनालाइझ एकदा चालवावं. पहिल्या आठवड्यात रोज एररची लॉग फाइल उघडा आणि 'परवानगी', 'पासवर्ड' यांच्याशी संबंधित ओळी शोधा.

'लागू आहे' ढिगातल्या ज्या ओळी उशिरा उगवणाऱ्या आहेत, त्या तारखेसकट भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा : मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नव्या वर्षाचा डेटाबेस चाचणी यंत्रावर काढून बघायचा, पासवर्ड बदलण्याच्या दिवशी पिग्मी प्रोग्राम लगेच चालवून पाहायचा. त्याच कॅलेंडरवर फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारांना खूण करा, पोस्टग्रेसच्या छोट्या आवृत्त्या ठरल्याप्रमाणे त्याच दिवशी येतात.